एकोणचाळीस इंच

"तुमच्या कापायच्या टेबलाची उंची किती आहे, काकू?" फिजिओथेरपिस्ट मुलीने विचारलं.

चिमीने नवऱ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. यांनीच केलंय ते. इंचाचं सोडा, यांना सूत न् सूत पाठ असतं."

मिस्त्री कोपऱ्यातल्या खुर्चीत बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी, त्या मुलीने चिमीला भिंतीला टेकून उभं केलं होतं, कोपर वाकवायला लावलं होतं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला होता. "सदतीस," असं म्हणून तिने ते कागदावर लिहिलं होतं. मग लिहितालिहिताच म्हणाली होती, की उभं राहून कापड कापणाऱ्या माणसाचं टेबल कोपराच्या तीन-चार इंच खाली हवं, म्हणजे खांदा उचलावा लागत नाही. तुमच्यासाठी तेहतीस-चौतीस.

मिस्त्रीने ते ऐकलं. त्याला आठवावं लागलं नाही, मोजावं लागलं नाही. टेबल एकोणचाळीस इंच होतं. तिच्या कोपराच्या खाली नाही, वर. चांगलं दोन इंच वर.

"काका?" मुलगी पेन धरून थांबली होती.

"चौतीस," मिस्त्री म्हणाला.

काच फुटल्यावर लहान मुलाच्या तोंडून 'मी नाही' निघतं, तसं ते निघालं. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्याने कुणाला खोटं माप सांगितलं नव्हतं. त्याच्या गल्लीत लोक त्याची चेष्टा करायचे, की मिस्त्रीला दार सांगितलं तर तो आधी चौकट मोजतो, मग भिंत मोजतो आणि मग तुमच्याकडे असा बघतो, की जणू तुम्हालाही मोजणार आहे. इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे एक सूत. त्या एका सुतासाठी त्याने जोडलेली कपाटं परत खोललेली होती.

"चौतीस म्हणजे अगदी बरोबर," मुलगी म्हणाली. "मग टेबलाचा दोष नाही. काकू, दुखणं तुमच्या सवयीतून आलंय. तुम्ही काम करताना खांदे कानाकडे उचलता. आत्तासुद्धा बघा. मनावर ताण घेता का तुम्ही?"

चिमीने चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "घेत असेन," ती म्हणाली.

चिमी हे तिचं माहेरचं नाव, चिमणीएवढी म्हणून पडलेलं. मिस्त्री सहा फुटाला जरासा कमी आणि ती त्याच्या काखेत मावेल एवढी. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिच्या पायाखाली दोन विटा ठेवल्या होत्या. तरीही फोटोत ती नवऱ्याशी नाही, त्याच्या खिशाशी बोलतेय असंच दिसायचं.

ती गोधड्या करायची. जुन्या कापडांच्या नाही. नवी कापडं आणून, त्यांचे चौकोन-त्रिकोण कापून, ते जोडून, आत कापसाचा थर घालून, वरून बारीक टाके घालून. आधी ती हे सगळं जमिनीवर गुडघे टेकून करायची आणि उठताना कमरेला हात लावून दोन मिनिटं तशीच वाकलेली राहायची. नऊ वर्षांपूर्वी त्यांची मुलगी शिकायला बाहेर गेली, तिची खोली रिकामी झाली. मिस्त्रीने मनाशी ठरवलं, की बायकोला टेबल करून द्यायचं. सांगायचं नाही, एकदम दाखवायचं. घरामागच्या कारखान्यात तो पंधरा दिवस कामाला ताडपत्री झाकून होता. चांगलं मुरलेलं लाकूड, सहा बाय चार, दोन्ही बाजूंना खण, पट्टी ठेवायला खाच, एका टोकाला शिलाई मशीन बसायला जागा आणि त्या उंचीला बसायला एक उंच स्टूल. उंची ठरवायची वेळ आली तेव्हा तो सरळ उभा राहिला, हात सैल सोडले आणि जिथे हाताला बरं वाटलं तिथे पेन्सिलीने रेघ मारली. त्याच्या रंध्याच्या बाकाची उंची तीच होती. त्या उंचीवर आपली पाठ कधी दुखली नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं.

टेबल बघायला शेजारपाजारच्या बायका आल्या. आपापल्या नवऱ्यांना त्यांनी घरी जाऊन काय काय ऐकवलं असेल, याच्या बातम्या मिस्त्रीला पुढे महिनाभर मिळत होत्या. चिमीबरोबर गोधड्या करणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने तर तसंच्या तसं टेबल करून घेतलं. मिस्त्रीने तेही एकोणचाळीस इंचांचं केलं. नमुना तयारच होता.

चिमीची मान दुखायला लागली ती तीनेक वर्षांपूर्वी. मग उजवा खांदा. मग अंगठ्याला मुंग्या. तिने मलम लावलं, शेकलं, वयाला नावं ठेवली. "एवढी एक ओळ झाली की उठते," असं म्हणत ती आणखी चार ओळी करायची. शेवटी अंगात कपडे घालताना हात मागे जाईना, तेव्हा डॉक्टरांकडे गेली. खांद्यातला स्नायूबंध सुजलाय, थोडासा फाटलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि व्यायामासाठी या मुलीकडे पाठवलं.

परत येताना रिक्षात चिमी डाव्या हाताने सूचनांचा कागद धरून वाचत होती. एका वेळी कापडाचे दोनच थर कापायचे. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदलायचं, जोर लावायचा नाही. कोपर बरगडीजवळ. दर पंचवीस मिनिटांनी अलार्म, उठून फेरी, खांदे गोल फिरवायचे, बोटं ताणायची. समोर आरसा ठेवायचा आणि खांदे वर गेले की खाली आणायचे.

"बघा," ती म्हणाली, "इतकी वर्षं मीच माझ्या खांद्यावर बसले होते."

मिस्त्रीने बाहेर बघत "हं" केलं. तेव्हाच सांगता आलं असतं. रिक्षावाला ऐकेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. घरी गेल्यावर चहा झाल्यावर सांगू, असं ठरवलं. चहा झाल्यावर ती आरसा शोधायला उठली आणि तो कारखान्यात निघून गेला.

चिमी विद्यार्थिनी म्हणून फार गुणाची. तिने टेबलासमोरच्या भिंतीवर आरसा टांगला. आरशाखाली कागद चिकटवला, त्यावर ठळक अक्षरात 'खांदे!' असं लिहिलं. पातं नवं घातलं. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून ठेवलं. मग कापायच्या मॅटवर कापड पसरलं, पट्टी दाबून धरली, कटर हातात घेतलं आणि खांदे खाली सोडले. खांदे खाली सोडले की कटर पुढे पोचेना. पोचवायला गेली की खांदे वर.

"परत गेले," ती आरशातल्या स्वतःला म्हणाली. "गेले ना परत? शिकत नाहीस तू."

मिस्त्री दारात उभा होता. त्याच्या हातात विनाकारण एक पटाशी होती.

"जमेल हळूहळू," तो म्हणाला.

"नाही हो, माझंच चुकतंय. ती मुलगी बरोबर बोलली. मी सगळं अंगावर ओढून घेते."

हे महिनाभर रोज चाललं. ती रोज आरशासमोर उभी राहून स्वतःला रागवायची आणि तो रोज काहीतरी निमित्ताने दारात यायचा, बघायचा आणि जायचा. आता ते त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं, की नऊ वर्षं कसं दिसलं नाही याचंच नवल वाटायचं. टेबलाची कड तिच्या कोपराच्याही वर यायची. कापताना ती नकळत टाचा उचलायची. मशीनवर बसली की स्टुलावरून तिचे पाय लोंबकळायचे, शाळेच्या बाकावरच्या पोरीसारखे. ते लोंबकळणारे पाय त्याने शेकडो वेळा पाहिले होते आणि त्याला ते गोड वाटले होते.

ती बाजारात गेली, की टेबलाचे पाय पाच इंच कापून टाकावेत, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण परत आल्यावर तिला दिसलंच असतं. मग विचारलं असतं. मग चौतीस हे कुठून आलं तेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने दुसरंच केलं. चार फळ्या जोडून तीन फूट लांब, दीड फूट रुंद, पाच इंच उंच असा एक चौथरा केला. कडा घासून गुळगुळीत केल्या, वर रबराचा तुकडा चिकटवला आणि टेबलाजवळ नेऊन ठेवला.

"हे काय?"

"फरशी गार असते," मिस्त्री म्हणाला. "पायांना बरं पडेल."

चिमी त्यावर चढली. नवऱ्याकडे बघून हसली. "किती काळजी करता हो."

तिने कटर चालवलं. मिस्त्रीने आरशात पाहिलं. खांदे खालीच होते. कोपर बरगडीला होतं, मनगट सरळ होतं, कटर लोण्यातून जावं तसं गेलं. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी तो कारखान्यात शीळ घालत होता.

तिसऱ्या दिवशी चिमी म्हणाली, "व्यायामाचा गुण यायला लागला बघा. दुखणं निम्मं झालं."

"म्हटलं नव्हतं!" मिस्त्री म्हणाला, आणि त्याची शीळ बंद झाली.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्याने खोलीतून धप्प आवाज ऐकला आणि त्यामागून एक बारीक, आत ओढलेली किंकाळी. तो धावला. अलार्म वाजत होता. सांगितल्याप्रमाणे फेरी मारायला म्हणून चिमी वळली होती आणि पायाखाली पाच इंचांची पायरी आहे हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. पडताना तिने टेबलाची कड पकडली होती. उजव्या हाताने.

ती जमिनीवर बसली होती आणि दंड दाबून धरून हसायचा प्रयत्न करत होती. "माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही एवढं प्रेमाने केलंत आणि मी धांदरट."

मिस्त्रीने आधी अलार्म बंद केला. तेवढंच त्याला सुचलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की फाटलेलं आणखी फाटलंय. तीन आठवडे हात गळ्यात. मग बघू, कदाचित ऑपरेशन लागणार नाही, पण हात पहिल्यासारखा वर जाईल असं वचन देता येत नाही.

घर सांभाळायला चिमीची थोरली बहीण आली. ताईचा आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. मिस्त्री काम बंद ठेवून घरी राहतो, चिमीचे केस विंचरतो, तिला गोळ्या वेळेवर देतो, हे पाहून ताई विरघळली. फोनवर ज्याला-त्याला सांगायला लागली, "नवरा असावा तर असा. हिला टेबल काय करून दिलंय, पाय गार पडतात म्हणून चौथरा काय! आमच्याकडे पाय मोडला तरी 'चहा कुठाय' म्हणून विचारतील."

मिस्त्री दुसऱ्या खोलीत कंगव्यातले केस काढत बसलेला असे. ताई बोलायला लागली, की त्याचे कान तापायचे. एकदा त्याने तिला, "ताई, पुरे आता," असं जरा जोरात म्हटलं. ताईने त्याचा विनय म्हणून तेही दोन जणींना फोनवर सांगितलं.

दहा दिवसांनी दोघं फिजिओथेरपिस्ट मुलीकडे हात दाखवायला गेले. ती हळूहळू हात हलवून बघत होती आणि विचारत होती, पडलात कशा. चिमीने चौथऱ्याचं सांगितलं.

"चौथरा? कशासाठी?"

"फरशी गार असते म्हणून," चिमी म्हणाली. मिस्त्री पर्सच्या चेनशी खेळत होता.

"किती उंच होता?"

"पाच इंच असेल. ना हो?"

मुलीने कागद पुढे ओढला. "टेबल चौतीस. त्यावर तुम्ही पाच इंच वर. म्हणजे तुम्हाला टेबल एकोणतीस इंचांवर आल्यासारखं. खूपच खाली झालं ते, काकू. वाकावं लागत असणार. कंबर नाही दुखली?"

"नाही ओ. उलट तेव्हाच सगळ्यात बरं वाटत होतं. खांदे अगदी…" चिमी थांबली.

चिमी गोधड्या करणारी बाई. पाव इंचाच्या शिवणीत एक दोरा इकडे-तिकडे झाला तर शेवटच्या ओळीला किती फरक पडेल, हे ती मनातल्या मनात सांगायची. तिच्या डोळ्यांत आकडे हललेले मिस्त्रीला दिसले. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. चिमीने मात्र पाहिलं नाही. "बघू, घरी गेल्यावर बघू," एवढंच ती म्हणाली.

घरी ताई भाजी आणायला गेलेली होती. चिमी चपला काढून थेट त्या खोलीत गेली आणि डावा हात मागे पसरून म्हणाली, "टेप द्या."

टेप मिस्त्रीच्या खिशातच होता. तो नेहमीच असायचा.

"एकोणचाळीस आहे," तो म्हणाला. "मोजू नकोस."

"मोजा."

"अगं, सांगतोय ना मी…"

"चौतीस पण तुम्हीच सांगितलं होतं. मोजा. मला बघू दे."

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. टेपचं टोक जमिनीला लावलं, पट्टी वर ओढली. त्याला वर बघायचं नव्हतं. चिमीने वाकून आकडा वाचला. एकोणचाळीस. मॅट धरून वर दोन सूत.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तिने तुझं कोपर मोजलं तेव्हा."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

ती स्टुलावर बसणार होती, पण तिने ते बाजूला सारलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. "टेबल आणलंत त्या आठवड्यातच मी म्हणाले होते. जरा उंच वाटतंय म्हणून."

मिस्त्रीने मान वर केली. "मला म्हणालीस?"

"नाही, भिंतीला म्हणाले. तुम्ही तिथे खण बसवत होता. म्हणालात, होईल सवय."

मिस्त्रीने आठवून पाहिलं. खण आठवला, खणाची मूठ आठवली, त्या मुठीचा स्क्रू वाकडा गेला होता तेसुद्धा आठवलं. हे वाक्य मात्र कुठेच सापडेना. ते न सापडणं त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"आठवत नाही मला," तो म्हणाला.

"आठवणार नाहीच. आणि मीही परत बोलले नाही. इतकं मन लावून केलं होतंत, सगळ्या बायका वाखाणत होत्या, मग कोण बोलणार? ते जाऊ दे. टेबल चुकलं ते चुकलं, माणसाच्या हातून चुकतं. पण हे नंतरचं?" तिने आरशाकडे बोट केलं. "महिनाभर मी इथे उभी राहून स्वतःला शिव्या देत होते. तुम्ही तिथे दारात उभे राहून ऐकत होता. 'जमेल हळूहळू' म्हणालात. तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही?"

"निघेना," मिस्त्री म्हणाला. "रोज ठरवायचो. लाज वाटली गं. एवढा मापाचा माणूस मी, सगळे म्हणतात…"

"सगळे म्हणतात," चिमी म्हणाली. तिने डाव्या हाताने भिंतीवरचा तो कागद ओढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला. कागद तिने मुठीत चुरगळला आणि नवऱ्याच्या हातात दिला, केराच्या डब्यात टाकायला द्यावा तसा. मग ती आत जाऊन पडली.

मिस्त्री उठला तो सरळ कारखान्यात गेला आणि करवत घेऊन आला. टेबल आडवं करायला त्याने खण बाहेर काढले. तेवढ्यात आतून आवाज आला.

"काय करताय?"

"पाय कापतो. आत्ता कापतो."

चिमी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा सुजलेला होता. "हात लावू नका त्याला. पाय कापून मोकळं व्हायचंय तुम्हाला. मला विचारलंत? आधीही विचारलं नव्हतंत."

त्याने खण परत लावले.

पुढचे काही दिवस घरात चिमीचा अबोला होता. कामापुरतं बोलणं, तेही भिंतीकडे बघून. ताईला तिने काही सांगितलं नाही. ताईची स्तुती चालूच राहिली. रविवारी जेवताना ती भाजी वाढतावाढता म्हणाली, "चिमे, नशीब काढलंस हो तू," आणि मिस्त्रीने हातातला घास खाली ठेवला. ताट बाजूला सारून त्याने सगळं सांगितलं. टेबल, चौतीस, आरसा, चौथरा. चिमी ताटातल्या भाताकडे बघत राहिली. ताई वाढायचा चमचा हवेत धरून ऐकत होती.

"म्हणजे ही पडली ती…?"

"माझ्यामुळे."

ताईने चमचा पातेल्यात आपटला. "आणि मी जगभर तुमचे पोवाडे गात सुटलेय! आता कुणाकुणाला फोन करून सांगू, की परत घेतले म्हणून?"

चिमीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण आलं. मिस्त्रीला त्याचाही आधार वाटला आणि आधार वाटला याची लाज वाटली.

फिजिओथेरपिस्ट मुलीला त्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला. तिने जुना कागद काढून आकडे परत जुळवले. मग म्हणाली, "काका, मी येऊन स्वतः बघायला हवं होतं. नुसतं विचारून लिहून घेतलं, हे माझंही चुकलं. आणि काकूंना मी ताण घेता म्हणाले." तिने आपल्यापरीने वाटा उचलला. मिस्त्रीच्या वाट्याचं त्यामुळे काही कमी झालं नाही.

हात गळ्यातून सुटला त्यानंतरच्या सोमवारी चिमी सकाळी म्हणाली, "चला. आज मोजा."

मिस्त्रीने टेप घेतला, पेन्सिल कानावर अडकवली. ती अनवाणी उभी राहिली, मग म्हणाली, "थांबा, मी काम करताना स्लीपर घालते," आणि स्लीपर घालून आली. त्याने कोपर मोजलं. मग ती खुर्चीवर बसली, पाय जमिनीला टेकले का ते पाहिलं, गुडघा मोजला, बसल्यावरचं कोपर मोजलं. ती म्हणाली, हात पुढे किती पोचतो तेही घ्या, त्याने घेतलं. उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला. मिस्त्रीने तो आकडाही लिहिला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि तिच्या अंगाची मापं तो पहिल्यांदा घेत होता. एका फळीवर तिचे सगळे आकडे होते आणि त्याला ते धड दिसेनात. त्याने बाहीने डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणाला. त्या खोलीत भुसा नव्हता.

कापायचं टेबल साडेतेहतीसवर आणलं. मशीनसाठी वेगळं बुटकं टेबल केलं, त्याला पाठ असलेली खुर्ची. चौथरा फोडून जाळला. प्रत्येक पाय कापायच्या आधी त्याने तिला रेघ दाखवली आणि तिने मान हलवल्याशिवाय करवत चालवली नाही. एकदा तिने मुद्दामच बराच वेळ मान हलवली नाही. तो करवत धरून गुडघ्यांवर बसून राहिला.

राहिली होती ती निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे जायला मिस्त्रीला चार दिवस धीर होईना. चिमीने विचारलं नाही, पण पाचव्या दिवशी करवतीची पिशवी तिनेच दाराशी आणून ठेवली.

शिक्षिकेने त्याचं सगळं चष्म्यावरून बघत ऐकून घेतलं. तीही ठेंगणीच होती. "दीड वर्षं मान दुखतेय माझी," ती म्हणाली. "मला वाटलं, वय झालं. गोधड्या सोडाव्या म्हणून मी निम्मी कापडं वाटून टाकली. ती परत कोण देणार?"

मिस्त्रीने खिशातून टेप काढला. तिने त्याला टेबल कापू दिलं, मापं घेऊ दिली, निघताना पाणीसुद्धा दिलं. "काही हरकत नाही," असं मात्र ती म्हणाली नाही. तिने म्हणावं अशी अपेक्षाही धरायची नाही, हे त्याने जिना उतरताना स्वतःला दोनदा सांगितलं.

ऑपरेशन टळलं. दहा महिन्यांत चिमीचा हात कानापर्यंत जायला लागला. त्याच्या वर नाही गेला. डबल बेडच्या गोधड्या तिने सोडल्या. त्या टाचताना हात फार लांब टाकावा लागतो. आता ती तान्ह्या मुलांच्या करते. पंचवीस मिनिटांनी अलार्म वाजतो, ती उठते, खांदे फिरवते, बोटं ताणते, अंगणापर्यंत जाऊन येते. कधी मिस्त्रीही कारखान्यातून उठून तिच्याबरोबर येतो. बोलणं पूर्ववत झालं, असं कुणी म्हणेल. मिस्त्री मात्र अजून एखादी गोष्ट सांगताना मध्येच थांबतो आणि म्हणतो, "नाही, नक्की माहीत नाही मला. बघून सांगतो."

परवा दुपारी तिने हाक मारली. कापडांच्या कपाटाच्या वरच्या फळीवरचं निळं कापड तिला हवं होतं. ती कपाटासमोर उभी होती आणि तिचा उजवा हात कानाशी येऊन तिथेच थांबलेला होता. मिस्त्रीने ते पाहिलं. रोज कधीतरी दिसतंच ते.

"ही फळी मी खाली घेऊ का? एका तासाचं काम आहे."

"राहू दे," चिमी म्हणाली. "घरातलं सगळंच कापत सुटू नका. काढून द्या फक्त."

त्याने हात वर केला आणि एक निळं कापड काढलं.

"हे नाही. फिकट निळं."

त्याने दुसरं काढलं.

"अहो, हे जांभळं आहे."

त्याने सगळा गठ्ठाच खाली घेतला, दोन्ही हातांवर धरला आणि तिच्यासमोर, तिला सोयीचं पडेल इतका खाली वाकून उभा राहिला. चिमीने एकेक घडी उचलून पाहिली. तिला घाई नव्हती. खालून तिसरं ते फिकट निळं निघालं. ते तिने ओढून घेतलं, उजेडात धरलं, आणि टेबलाकडे गेली.